वांगणीचं आकाश कॅमेऱ्यात: तंत्र किती आणि नजर किती?

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर बदलापूरनंतरचं स्थानक म्हणजे वांगणी. अंबरनाथ तालुक्यातलं हे गाव अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते १७ एप्रिल २०२१ च्या सीसीटीव्ही चित्रणात. गाडी समोरून येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी रुळांवर पडलेल्या लहान मुलाला उचलून फलाटावर ठेवलं, ते हेच स्थानक. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई-ठाण्याची काही मंडळी इथे वेगळ्याच कारणासाठी उतरत आली आहेत. ते कारण म्हणजे रात्रीचं आकाश.

१९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, त्या काळात मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं. या मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शन कार्यक्रमांमुळे वांगणीचं नाव आकाशप्रेमींमध्ये पक्कं झालं. संध्याकाळच्या लोकलने यायचं, रात्रभर उघड्यावर बसून नक्षत्रं ओळखायची आणि सकाळच्या लोकलने परतायचं, असा हा शिरस्ता. आधी लोक रिकाम्या हातांनी किंवा दुर्बीण घेऊन येत. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो आणि रात्री काढलेला आकाशगंगेचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची इच्छाही.

मग नेहमीचा प्रश्न येतो. असा फोटो यायला महागडा कॅमेरा आणि सेटिंगचं ज्ञान लागतं, की मुळात 'नजर' असावी लागते? थोडक्यात उत्तर असं: दोन्ही लागतं, पण एकाच वेळी नाही. तंत्राचं बरंचसं काम अंधार पडण्याआधी उरकायचं असतं, म्हणजे अंधारात नजर मोकळी राहते. आणि ही नजर जन्मजात नसते, ती आकाश पाहून पाहून तयार होते.

वांगणीच का?

वांगणीच्या वायव्येला बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण आणि त्यापुढे ठाणे-मुंबई. या शहरांच्या दिव्यांचा उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर पसरतो आणि त्या बाजूचं आकाश पिवळट-पांढरं दिसतं. पश्चिमेला माथेरानच्या डोंगररांगेतला चंदेरीचा सुळका आहे, तर दक्षिणेला माथेरानचं पठार. दक्षिणेलाच पुढे कर्जत आणि पूर्वेला भीमाशंकरची सह्याद्रीची भिंत. म्हणजे शहराचा मोठा उजेड एका बाजूला आणि त्यामानाने काळोख दुसऱ्या बाजूला.

फोटोसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनू आणि वृश्चिक राशींच्या दिशेला असतो. वांगणीहून तो आग्नेयेला उगवतो आणि दक्षिणेला असताना क्षितिजापासून जास्तीत जास्त सुमारे ४२ अंश वर येतो. म्हणजेच तो पाहताना शहरांचा उजेड बराचसा तुमच्या पाठीमागे राहतो.

हे आकाश आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हेही सांगायला हवं. बदलापूर ते नेरळ या पट्ट्यात वसाहती वाढल्या, रस्त्यांवर पांढरे एलईडी दिवे आले. पांढऱ्या दिव्यांतला निळसर प्रकाश हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे आकाशाचा काळेपणा आणखी कमी होतो. जिथे नुसत्या डोळ्यांना आकाशगंगा दिसायची, तिथे ती आता जेमतेम जाणवते. म्हणूनच इथे तंत्र आणि नजर या दोन्हींची कसोटी लागते.

दिवसा चालतं ते रात्री का चालत नाही?

दिवसा फोन समोर धरला की बाकीचं काम तोच करतो. उजेड मुबलक असतो, त्यामुळे चूक झाली तरी ती झाकली जाते. रात्री फोन किंवा कॅमेऱ्याचं स्वयंचलित डोकं गोंधळतं. त्याला फोकस करायला काही सापडत नाही आणि उजेड मोजायला काही मिळत नाही. म्हणून चार गोष्टी आपल्यालाच ठरवाव्या लागतात.

पहिली, स्थिरता. शटर १५-२० सेकंद उघडं राहणार असेल तर हातात धरून फोटो येणार नाही. ट्रायपॉड हवा. नसेल तर दगडावर टेकवून, खाली तांदळाची किंवा वाळूची पिशवी ठेवूनही काम भागतं. बटण दाबताना बसणारा हलका धक्काही ताऱ्यांना शेपटी लावतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना लेन्समधली कंप रोखणारी सोय सहसा बंद ठेवतात.

दुसरी, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र. आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. एफ/२.८ ला एफ/४ च्या दुप्पट प्रकाश आत येतो. एफ/१.८ ला एफ/२.८ च्या जवळपास अडीचपट. रात्री सहसा लेन्सचं छिद्र शक्य तितकं मोठं ठेवतात.

तिसरी, आयएसओ. आयएसओ वाढवला की कॅमेरा जास्त प्रकाश गोळा करतो, असा समज आहे. तसं नाही. आलेल्या प्रकाशाचा संकेत तो फक्त मोठा करतो, रेडिओचा आवाज वाढवावा तसा. आवाजाबरोबर खरखरही वाढते, आणि फोटोत ती दाणेदार रंगीत ठिपक्यांच्या रूपात दिसते. साधारण १६०० ते ३२०० पासून सुरुवात करावी. आकाश पांढुरकं पडलं तर आयएसओ खाली आणावा.

चौथी, शटर किती वेळ उघडं ठेवायचं. यामागचं गणित एकदा समजून घेतलं की कायमचं उपयोगी पडतं.

वीस सेकंदांचं गणित

पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी मारते. म्हणजे आकाश आपल्याला तासाला १५ अंश सरकताना दिसतं. शटर फार वेळ उघडं राहिलं तर ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. रेघ होऊ न देता किती वेळ घेता येईल, यासाठी छायाचित्रकार एक सोपा ठोकताळा वापरतात: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा. उत्तर सेकंदांत येतं.

२४ मिलिमीटरची लेन्स असेल तर सुमारे २० सेकंद. १६ मिलिमीटरला सुमारे ३० सेकंद. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर आधी फोकल लेंग्थला त्याच्या गुणकाने गुणावं लागतं. १८ मिलिमीटर लेन्स दीडच्या गुणकाने २७ होते, म्हणजे साधारण १८ सेकंद. बऱ्याच फोनांचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीचा असतो, म्हणजे तिथेही वीस सेकंदांच्या आसपास. फोटो मोठा करून पाहणार असाल तर ५०० ऐवजी ३०० घ्या, तारे अधिक नेटके येतील.

हा ठोकताळा सगळ्या आकाशाला सारखा लागू होत नाही. ध्रुवाजवळचे तारे लहान वर्तुळात फिरतात, म्हणून त्यांची रेघ उशिरा दिसते. मृग नक्षत्राचे मधले तीन तारे ध्रुवापासून जवळजवळ ९० अंशांवर आहेत, तिथे रेघ सर्वांत लवकर दिसते.

हीच रेघ हवी असेल तर उलट करा. कॅमेरा ध्रुवाकडे वळवून तीस-तीस सेकंदांचे फोटो लागोपाठ घेत राहा आणि मग संगणकावर एकावर एक ठेवा. असे १२० फोटो म्हणजे एक तास, आणि तेवढ्यात प्रत्येक तारा १५ अंशांची कमान काढतो. वांगणीचं अक्षांश सुमारे १९ अंश, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते. उत्तरेला क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की ध्रुव सापडतो.

फोकस आणि फसवी स्क्रीन

बिघडलेल्या रात्रीच्या फोटोंत सर्वांत मोठा दोष फोकसचा असतो. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये, कित्येक लेन्सवर ती जरा इकडेतिकडे असते. व्याधासारखा तेजस्वी तारा किंवा गुरू स्क्रीनवर आणा, तो भाग मोठा करा आणि ठिपका सर्वांत लहान होईपर्यंत हळूहळू फोकस फिरवा. मग हात लावू नका. फोनमध्ये प्रो मोड असेल तर फोकसची पट्टी डोंगराच्या चिन्हाकडे न्या.

दुसरी फसवणूक स्क्रीनची. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. अशा डोळ्यांना स्क्रीन नेहमीपेक्षा खूप उजळ वाटते, त्यामुळे फोटो छान आला असं वाटतं आणि घरी पाहिल्यावर तो काळाकुट्ट निघतो. म्हणून स्क्रीनचा उजेड आधीच कमी करून ठेवा आणि डोळ्यांपेक्षा हिस्टोग्राम या आलेखावर भरवसा ठेवा. आलेखाचा डोंगर अगदी डावीकडच्या भिंतीला चिकटला असेल तर प्रकाश कमी पडलाय.

मग नजरेचं काम कुठे?

समजा दोन जण एकाच रात्री, एकाच माळावर, सारखाच कॅमेरा घेऊन बसले. दोघांचं सेटिंग एकच: एफ/२.८, २० सेकंद, आयएसओ ३२००. एकाचा फोटो पाहून लोक पुढे सरकतात, दुसऱ्याच्या फोटोवर थांबतात. हा फरक सेटिंगचा नसतो.

पहिल्याने कॅमेरा थेट वर धरलेला असतो. नुसते तारे, कुठलेही, कुठूनही काढल्यासारखे. दुसऱ्याने खालच्या बाजूला एखादं पळसाचं झाड, भाताच्या खाचराचा बांध किंवा डोंगराची कड घेतलेली असते. त्यामुळे पाहणाऱ्याला आकाशाचा आकार कळतो आणि हा फोटो एका ठरावीक गावातला आहे हे जाणवतं. त्याने कदाचित बराच वेळ एकही फोटो काढलेला नसतो, कारण वृश्चिकाचा डंख त्या झाडाच्या शेंड्यापासून मोकळा व्हायला अजून अर्धा तास आहे हे त्याला दिसलेलं असतं. एखादी लोकल गेली आणि तिच्या उजेडाने दूरची झाडं क्षणभर उजळली, तर तो ती चूक मानत नाही. पुढची गाडी कधी आहे ते बघतो.

असे निर्णय कुठल्याही ठोकताळ्यात बसत नाहीत. पण ते हवेतूनही येत नाहीत. डंख कुठे सरकणार हे त्याला माहीत होतं, कारण त्याने आधी अनेक रात्री तो सरकताना पाहिला होता. निर्णय घेण्याचं विज्ञान मांडणारे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी हर्बर्ट सायमन यांचं म्हणणंही याच दिशेचं होतं: ज्याला आपण अंतःप्रेरणा म्हणतो ती प्रत्यक्षात ओळख पटण्याची क्रिया असते. आधी पाहिलेलं, साठवलेलं काहीतरी एका क्षणात ओळखू येतं आणि आपण त्याला 'आतून आलं' म्हणतो.

एक मोजमाप, एक क्षण: अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा चंद्र

याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या फोटोत आहे. १९४१ च्या एका संध्याकाळी न्यू मेक्सिकोतून गाडीने जाताना त्यांना हर्नांडेझ नावाचं छोटं गाव दिसलं. वर चंद्र, मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचा उजेड. त्यांनी घाईने गाडी थांबवून ८ बाय १० इंचांचा अवजड कॅमेरा उभा केला. पण प्रकाश मोजायचं यंत्र सापडेना.

इथे नजरेने क्षण ओळखला होता, पण नुसत्या नजरेवर फोटो आला नसता. पूर्ण चंद्राचं तेज किती असतं, तो आकडा अ‍ॅडम्स यांना पाठ होता. त्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि शटर उघडलं. दुसऱ्या फोटोची तयारी करेपर्यंत क्रुसांवरचा उजेड गेला होता. जगाला मिळाला तो एकच फोटो.

पुढे या फोटोच्या तारखेबद्दलच गोंधळ झाला. अखेर खगोल अभ्यासकांनी चंद्राच्या आकाशातल्या जागेवरून हिशेब करून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख काढली. फोटो पाहताना नुसतं सौंदर्य वाटतं, पण त्यात आकाशाचं अचूक घड्याळही दडलेलं असतं.

महाराष्ट्रातली दोन मिनिटं

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून गेला. पुण्याच्या सायन्स कॉलेजमधल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर इथे तळ ठोकला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची विल्यम कॅम्पबेल यांची तुकडीही जेऊरलाच आली होती. खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याचं प्रभामंडल आणि वर्णपट काचेच्या प्लेटवर टिपायचे होते.

अशा मोहिमांत ग्रहणाच्या आधी कित्येक दिवस तालीम चाले. कोणी प्लेट सरकवायची, कोणी सेकंद मोजायचे, कोणी झाकण काढायचं हे सगळं ठरलेलं असे. भर दिवसा अंधार पडतो, पक्षी गप्प होतात, तेव्हा माणूस भांबावतो. हातांना काम पाठ असेल तरच ते थांबत नाहीत.

वांगणीच्या माळावरही हेच लागू पडतं. ट्रायपॉडचा स्क्रू, आयएसओचं बटण, बॅटरी बदलणं हे डोळे मिटून जमायला हवं. अंधारात जो माणूस मेनूत चाचपडत बसतो, त्याचं लक्ष आकाशाकडे जातच नाही. तंत्र पाठ करायचं ते यासाठी.

फोटोग्राफरचं पहिलं अ‍ॅप: भिंतीवरचं कॅलेंडर

आकाशगंगेसाठी चंद्र नसलेली रात्र हवी. ती शोधायला मराठी घरात वेगळं अ‍ॅप लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी पुरते.

अमावास्येच्या आसपास रात्रभर अंधार मिळतो. शुद्ध चतुर्थी-पंचमीचा चंद्र रात्री नऊ-दहाच्या सुमारास मावळतो, त्यानंतर आकाश मोकळं. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणजे त्याआधीची रात्र तुमची. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीचा उपास सोडण्यासाठी चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात छापलेलीच असते, तीच फोटोसाठीही वापरा.

ऋतूंचं गणितही सोपं आहे. आकाशगंगेचा तेजस्वी भाग मार्चमध्ये पहाटे तीन-चारला नीट वर आलेला असतो, एप्रिलमध्ये दीड-दोनला आणि मेमध्ये अकरा-साडेअकराला. मग पावसाळा सगळं झाकून टाकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो संध्याकाळी नैर्ऋत्येला थोडा वेळ दिसून मावळतो. थंडीत मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याध यांचं राज्य. त्या दिवसांत उल्हास नदीच्या खोऱ्यात दव भरपूर पडतं, त्यामुळे लेन्सवर वाफ धरते. कोरडं सुती फडकं जवळ ठेवा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी काच तपासा.

एडिटिंग किती चालेल?

इथे प्रश्न फक्त आवडीनिवडीचा राहत नाही. रात्रीच्या फोटोवर काम करावंच लागतं. कॅमेऱ्यातून आलेली रॉ फाइल फिकट असते. शहराच्या उजेडाचा पिवळा रंग कमी करणं, काळं-पांढरं उठावदार करणं, एकाच चौकटीचे अनेक फोटो तारे जुळवून एकत्र करून खरखर घटवणं, या सगळ्या रास्त गोष्टी आहेत. सोळा फोटो असे एकत्र केले तर खरखर साधारण चौथाईवर येते. त्यात जे होतं तेच नीट दिसतं, नसलेलं काही येत नाही.

लडाखचं आकाश चंदेरीच्या कडेवर चिकटवणं ही वेगळी गोष्ट. कल्पनाचित्र म्हणून ते करायला कोणाची हरकत नाही, पण खाली 'काल रात्री, वांगणी' असं लिहिलं की ती खोटी साक्ष होते. वांगणीचं आकाश दरवर्षी थोडं थोडं फिकट होत आहे. आज प्रामाणिकपणे काढलेला फोटो वीस वर्षांनी पुरावा ठरेल: अमुक साली इथून इतके तारे दिसत होते. चिकटवलेल्या फोटोंनी हा पुरावाच पुसला जातो, आणि इथे अजून काळोख आहे असं सगळ्यांना वाटत राहतं.

काळोख परत मिळवता येतो, याचंही उदाहरण महाराष्ट्रात आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथल्या गावांतले पथदिवे फक्त खाली उजेड टाकतील असे बदलले गेले.

बनावट फोटो ओळखायला थोडं आकाशज्ञान पुरतं. धनुर्मासात सूर्य धनू राशीत असतो, म्हणून डिसेंबरच्या उत्तरार्धात आकाशगंगेचा तेजस्वी भाग सूर्याबरोबर दिवसा आकाशात असतो. नाताळच्या रात्रीचा म्हणून तो फोटो कोणी टाकला तर तो त्या रात्रीचा नाही. मृग आणि धनू आकाशात जवळजवळ समोरासमोर आहेत, एकाच साध्या चौकटीत ते दोन्ही मावत नाहीत. दिवाळीतल्या संध्याकाळी वांगणीहून सप्तर्षी दिसत नाहीत, ते क्षितिजाखाली असतात. उत्तरेला दिसते ती शर्मिष्ठा.

फोनच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. काही फोन चंद्राचा फोटो ओळखून त्यावर स्वतःच तपशील चढवतात. तुम्ही काय टिपलं ते जाणून घ्यायचं असेल तर प्रो मोडमध्ये आयएसओ १०० आणि शटर बरंच वेगवान ठेवून चंद्र काढून पाहा. स्वयंचलित मोडमध्ये चंद्र पांढरा गोळा होतो, कारण फोन सगळ्या काळ्या आकाशाला उजळवायला जातो. चंद्र मात्र उन्हात पडलेल्या दगडासारखा लख्ख असतो.

जाताना काय पाळायचं?

रुळांवर किंवा रुळांलगत उभं राहून फोटो काढू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीचा उजेड दूरच्या शेतातूनही छान येतो.

माळ आणि शेतं कोणाच्या तरी मालकीची असतात. दिवसाउजेडी जाऊन विचारून घ्या. त्यामुळे जागा पाहून होते आणि रात्री कोणी चोर समजत नाही. पांढऱ्या विजेरीऐवजी लाल कागद लावलेली विजेरी वापरा, लाल उजेडात सरावलेले डोळे फारसे दिपत नाहीत. पायात बूट हवेत, कारण सापविंचवांची वेळ हीच. एकट्याने जाऊ नका आणि परतीची शेवटची लोकल आधी पाहून ठेवा.

एका महिन्याचा सराव

एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत असा सराव करता येईल.

• पहिल्या रात्री कॅमेरा पिशवीतच ठेवा. तासभर आकाश पाहा, दिशा ठरवा, तीन-चार नक्षत्रं ओळखा आणि ती कुठून कुठे सरकतात ते लक्षात ठेवा.

• शुद्ध पक्षात, चंद्र असताना, घराच्या गच्चीवर तंत्र पक्कं करा. ताऱ्यावर फोकस, २० सेकंदांचं शटर, टायमर. दिवे बंद करून, न पाहता सेटिंग बदलायचा सराव करा.

• पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात डोंगर, झाडं, पाणी यांचे फोटो घ्या. चौकट कशी बांधायची ते चांदणं चांगलं शिकवतं, कारण सगळं दिसत असतं.

• वद्य पक्षात दिवसा जागेवर जाऊन या. ज्या दिशेला काढायचं तिथे कोणता दिवा नडतो, कोणतं झाड उपयोगी पडेल ते पाहा.

• पुढच्या अमावास्येला जा, एकच चौकट ठरवा आणि तिच्यापाशीच थांबा. तीस वेगवेगळ्या फोटोंपेक्षा एका फोटोची तीस वेळा केलेली दुरुस्ती जास्त शिकवते.

फोटो टाकताना खाली तारीख, वेळ, दिशा आणि सेटिंग लिहा. अनेक फोटो एकत्र केले असतील तर तेही लिहा. नवशिक्याला त्यातून तंत्र मिळेल, आणि पुढे कधी कोणी वांगणीच्या आकाशाचा हिशेब मांडायला बसलं तर तुमचा फोटो त्याच्या कामी येईल.